जुनी न्यूब्रिज कोरोमँडेल आणि तिचं चायनीज जंक रिग: घ्यावी का?

इंग्लंडात सेकंडहँड छोटी सेलबोट शोधायला बसलात की कधी ना कधी एक विचित्र फोटो समोर येतोच. एकवीस फुटी बोट, एकच डोलकाठी आणि तिला कुठूनही तार बांधलेली नाही, शीड आडव्या पट्ट्यापट्ट्यांचं, वर एक तिरकी काठी, रंग बहुतेक वेळा विटका लाल, आणि किंमत त्याच साइझच्या बाकी बोटींपेक्षा कमी. खाली लिहिलेलं असतं ‘जंक रिग, ईझी टू हँडल’. जंक म्हणजे जुन्या चिनी पद्धतीचं शिडाचं जहाज, आणि रिग म्हणजे डोलकाठी, शीड आणि दोऱ्या यांची सगळी मांडणी. माझ्याकडे त्यातलीच एक आहे. न्यूब्रिज कोरोमँडेल, ऐंशीच्या दशकातली, डॉर्सेटमधल्या पूल हार्बरात मुरिंगवर, म्हणजे तळाला नांगरलेल्या बोयाला बांधलेली असते. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी सारखं विचारत असतं की असली बोट घ्यावी का, चीनचं ते शीड खरंच चालतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर बोट ठीक, रिग एकदम भारी, पण कारखान्यातून आलेलं मूळ शीड अजून त्यावर असेल तर ते बदलायची तयारी ठेवूनच पैसे द्या.

आधी बोटीचं उरकून घेतो. हल, म्हणजे बोटीचा खालचा सांगाडा, रॉबर्ट टकरने डिझाइन केलेल्या कॉरिबी नावाच्या बोटीचा आहे, आणि ही बोट बनवायची न्यूब्रिज कंपनी, इथून जवळच ब्रिडपोर्टला. कॉरिबीला नेहमीचं तिकोनी बर्म्युडा शीड असायचं, त्याच हलवर जंक रिग बसवलं की कोरोमँडेल. प्रसिद्ध ब्रिटिश खलाशी एलेन मॅकआर्थर 1995 मध्ये अठराएक वर्षांची असताना एकटीने ब्रिटनला फेरी मारून आली ती ‘इडुना’ कॉरिबीच होती, अर्थात साध्या रिगची. लांबी साधारण 6.3 मीटर. माझी दोन कीलवाली (तळाखाली दोन पंख असलेली) आहे म्हणजे ओहोटीला पाणी गेलं की चिखलात सरळ उभी राहते, पूलसारख्या उथळ हार्बरात याच्यापेक्षा सोयीचं काही नाही, कारण ओहोटीला कोरडी पडणारी मुरिंग स्वस्त मिळते. आत ताठ उभं राहता येत नाही, विसरा. दोघं आरामात झोपतात, तिसरा पाहुणा आला तर सामान कॉकपिटमध्ये काढावं लागतं. आणि डोलकाठी पुढच्या बिछान्याच्या बरोबर मध्ये उभी आहे, कारण एका काठीच्या जंकमध्ये सगळं शीड तिच्यावरच असतं त्यामुळे काठी नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, बरीच जवळ घ्यावी लागते. तिला मिठी मारूनच झोपायचं. मला दोन हजार पौंडांच्या आसपास पडली, आउटबोर्ड (मागे लटकवायचं इंजिन) धरून.

आता रिग.

नेहमीच्या बोटीवर डोलकाठी तारांनी चारी बाजूंनी ताणून उभी केलेली असते, आणि एखादी तार नाहीतर तिची एखादी पिन गेली की सगळं डोक्यावर. जंकमध्ये तारच नाही. काठी डेकमधून आरपार आत जाते आणि तळाला एका खोबणीत बसते, डेकच्या भोकात तिच्याभोवती पाचरी ठोकलेल्या, बस एवढंच. वारा वाढला की ती वाकते, टोक चांगलं दिसण्याइतकं झुकतं, नवीन माणूस बघूनच हबकतो, पण वाकूनच ती झटका पचवते. शीड काठीच्या मागे नसतं तर एका अंगाला लागून असतं, थोडासा हिस्सा काठीच्या पुढे आणि बाकी सगळं मागे. वर यार्ड (ती तिरकी काठी), खाली बूम (खालची आडवी काठी) आणि मध्ये पूर्ण रुंदीच्या बॅटन्स (आडव्या पट्ट्या), प्रत्येक बॅटन काठीभोवती एका सैल दोरीने धरलेली, आणि मागच्या कडेला जवळजवळ प्रत्येक बॅटनच्या टोकाला शीटची एकेक शाखा. (शीट म्हणजे शीड नव्हे, शीड आवरायची-सोडायची दोरी, नवीन लोक इथे हमखास गोंधळतात.) म्हणजे वाऱ्याचा भार दोन-तीन कोपऱ्यांवर न येता सगळ्या शिडावर वाटला जातो. त्यामुळे कापड महागाचं लागत नाही, आणि एखादं पॅनल, म्हणजे दोन बॅटन्समधला कापडाचा पट्टा, फाटलं तरी चीर पुढच्या बॅटनपाशी थांबते, तेवढ्यावर घरी येता येतं.

हर्णैच्या मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाला, “अरे भाच्या, हे शीड आहे की ऑफिसच्या खिडकीचा ब्लाइंड?” आणि खरं सांगतो, चालतं पण तसंच. हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) सोडला की बॅटन्सच्या वजनाने शीड आपोआप खाली येतं, सगळ्यात खालची पट्टी बूमवर जाऊन बसते, दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची झोळी असते त्यात गोळा होते, शीट ओढून घेतली की रीफ झाला, म्हणजे शीड लहान झालं. पुढे डेकवर जायचं नाही, हुक लावायचे नाहीत, शिडाच्या भोकांत दोऱ्या ओवत बसायचं नाही. वारा मागून येत असतानासुद्धा होतं हे, बर्म्युडा रिगवर त्यासाठी आधी बोट वाऱ्यात वळवावी लागते. मामाचा पुढचा प्रश्न खलाशाचा होता, “मग फेर कसा घेतोस?” कारण त्याच्या लहानपणी कोकणात ज्या शिडाच्या होड्या होत्या त्यांना तिरक्या काठीचं शीड, बाजू बदलायची तर ती सगळी काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायची, माणसं लागायची, वाऱ्यात तर जीवावरचं काम. मी म्हटलं सुकाणू फिरवतो. तो म्हणाला, “आणि?” आणि काही नाही. शीड आपलं आपण पलीकडे जातं, शीटला हातसुद्धा लावायचा नाही, पुढे दुसरं शीड नसल्यामुळे विंच फिरवायची भानगड नाही. मामाला अजूनही वाटतं मी काहीतरी लपवतोय.

जाइब म्हणजे वारा मागून असताना शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणं, साध्या बोटीवर यातच डोकी फुटतात. इथे काठीच्या पुढचा हिस्सा उलट्या बाजूने वारा धरतो म्हणून शिडाला थोडा ब्रेक लागतो, दणका कमी बसतो. कमी म्हणतोय, नाही असं म्हणत नाहीये, जोराच्या वाऱ्यात डोकं खालीच ठेवा. शिवाय तारा नसल्याने शीड काटकोनाच्याही पुढे सोडता येतं. आणि थांबायचं असेल तर शीट पूर्ण सोडून द्यायची, शीड वाऱ्याच्या रेषेत जाऊन गप्प उभं राहतं, बॅटन्समुळे ती कान फाडणारी फडफड नाही. चहा करा, नकाशा बघा, बायकोशी भांडा, काय हवं ते करा.

स्टडलँडहून परतताना ओल्ड हॅरीच्या खडकांपाशी नैऋत्येकडून एकदम झड आली तेव्हाचं सांगतो. बायको टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) होती, तिने टिलर सोडला सुद्धा नाही. मी बसल्या जागेवरून दोन पट्ट्या खाली घेतल्या, बोट पुन्हा सरळ चालायला लागली, आणि शेजारी आमच्या दीडपट मोठ्या बोटीवर तिघं जण अजून पुढच्या शिडाशी झटापट करत होते, एक जण तर डेकवर पालथा पडून. त्या दिवसापासून बायको स्वतःहून विचारते शनिवारी जायचं का म्हणून. आमच्यासारख्या नवरा-बायको दोघंच असलेल्या घरात या रिगची खरी किंमत ही आहे, तुम्ही ती पौंडात कशी लावणार ते तुमचं तुम्ही बघा.

हे असलं रिग ब्रिटिश फायबरग्लासच्या बोटीवर आलं कसं, तर त्यामागे एक माणूस आहे, ब्लाँडी हॅसलर. रॉयल मरीनचा अधिकारी. डिसेंबर 1942 मध्ये छोट्या कनूंमधून फ्रान्समधली जिरोंद नदी वर चढून बोर्दोच्या बंदरातल्या जर्मन जहाजांना सुरुंग लावायला दहा जण गेले होते, त्यातले दोघेच जिवंत परत आले, त्यातला एक हा. युद्धानंतर याने डोकं लावलं ते एका माणसाला कमीत कमी कष्टात समुद्र कसा पार करता येईल यावर. ‘जेस्टर’ नावाच्या 25 फुटी फोकबोट जातीच्या छोट्या शिडाच्या बोटीवर आधी दुसरं एक रिग करून पाहिलं, मग चिनी जंकचं शीड चढवलं, कॉकपिट बंद करून टाकला, मध्ये एक गोल झाकणाची खिडकी ठेवली आणि सगळ्या दोऱ्या तिथे आणल्या. म्हणजे बाहेर न येताच शीड चढवायचं, उतरवायचं, रीफ करायचं. वाऱ्यावर चालणारी सेल्फ-स्टिअरिंगची पात पण त्यानेच बनवली. 1960 मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली रेस प्लिमथहून न्यूयॉर्कला झाली, ती कल्पनाही त्याचीच. फ्रान्सिस चिचेस्टर बऱ्याच मोठ्या बोटीतून 40 दिवसांत पोचला आणि हॅसलर 48 दिवसांत दुसरा आला.

रिग अर्थात हॅसलरने शोधलेलं नाही. चीनच्या किनाऱ्यावर ते शेकडो वर्षं चालत होतं, झेंग हेचा ताफा 15व्या शतकात आपल्या कालिकतपर्यंत आला तो याच जातीच्या शिडांवर. जहाजाचा कप्तान जोशुआ स्लोकमने 1888 मध्ये ब्राझीलमध्ये बायकापोरांसकट अडकल्यावर स्वतः बोट बांधली, ‘लिबरदादे’, तिला त्याने चिनी सांपानसारखीच शिडं लावली आणि कुटुंबाला घेऊन थेट अमेरिकेला आला. जगातल्या प्रत्येक जातीच्या शिडावर काम केलेल्या माणसाने स्वतःच्या मुलांसाठी काय निवडलं बघा. हॅसलरने आणि त्याच्याबरोबर जॉक मॅक्लाउडने पुढे एवढं केलं की याची मापं, कोन, दोऱ्यांची गणितं सगळी तपासून कागदावर आणली, त्यामुळे कुणालाही घरी बसून आपल्या बोटीसाठी डिझाइन करता यायला लागलं.

आणि इथेच कोरोमँडेलच्या मूळ शिडाची मेख आहे. हॅसलरच्या पद्धतीत शीड सपाट कापायचं आणि बॅटन्स कडक ठेवायच्या. त्याला स्पीड नकोच होता, त्याला कष्ट वाचवायचे होते, आणि सपाट शीड टिकतं, चुणत नाही, बॅटन्स मोडत नाहीत. त्या काळच्या तयार जंक बोटींनी तेच उचललं. पण वारा समोरून असेल तर शिडाला पोट लागतं, विमानाच्या पंखाला जसा बाक असतो तसा, नाहीतर पुरेशी ओढ तयार होत नाही. सपाट शीड वाऱ्याला फार जवळ नेलं की बोट नुसती कडेला सरकते. जुने चिनी खलाशी बांबूच्या बॅटन्स वापरायचे, बांबू थोडा वाकतो, तेवढं पोट आपसूक मिळायचं. इथे कडक बॅटन्स घातल्यावर तेही गेलं. हलक्या वाऱ्यात, समोर छोट्या तीक्ष्ण लाटा असताना, मूळ शिडावर पूलच्या तोंडातून आत यायचं म्हणजे काय ते सांगतो. सँडबँक्सपाशी हार्बरचं तोंड अरुंद आहे, उधाणाच्या ओहोटीला चार नॉटच्या वर पाणी बाहेर धावतं, मधून साखळीवरची फेरी आडवी जाते, आणि तुम्ही टॅक करायला, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून बाजू बदलायला जाता तर बोट वाऱ्याच्या तोंडावर अर्ध्यात थांबते. तेव्हा आउटबोर्ड चालू करा, लाजू नका. जंकला लोक ‘फक्त वाऱ्याबरोबर जाणारी’ म्हणून नावं ठेवतात ना, ती सगळी बदनामी या सपाट शिडाची आहे, रिगची नाही.

उपाय नॉर्वेतून आला. आर्ने क्व्हेर्नलँड नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकात प्रत्येक पॅनलमध्येच पोट शिवायला सुरुवात केली, बॅटन्स कडकच ठेवून, आणि पद्धत आकृत्यांसकट लिहून सगळ्यांना फुकट वाचायला ठेवली. दुसरे एक आहेत स्लीव्ह मॅकगॅलियार्ड, त्यांचं स्प्लिट जंक, त्यात शीड काठीपाशी उभं दोन भागांत फोडतात, पुढे छोट्या जिबांची (पुढच्या शिडांची) रांग आणि मागे मुख्य भाग, वाऱ्याविरुद्ध ते जास्तच चांगलं चालतं म्हणतात पण शिवकाम बघून माझी हिंमत झाली नाही. मी आर्नेची पद्धत घेतली.

शीडवाल्याकडे कोटेशन मागितलं तर आकडा बोटीच्या किमतीच्या जवळपास गेला, त्यामुळे घरीच शिवलं. हे जमण्यासारखं आहे आणि याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण बोट घ्यायची की नाही हे यावरच ठरतं. पॅनलची वरची आणि खालची कड सरळ न कापता बाहेरच्या बाजूला बाक देऊन कापायची, सगळ्यात जास्त बाक पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यापाशी. मग अशी दोन पॅनल्स एकमेकांना जोडून सरळ बॅटनवर ताणली की मधलं जास्तीचं कापड स्वतःच पोट धरतं. पोट किती ठेवायचं तर रुंदीच्या आठ टक्के हा नेहमीचा आकडा. बॅटन चार मीटरची असेल तर 32 सेंटीमीटर खोली, आणि त्या वक्रावरून जाणाऱ्या कापडाला चार मीटरवर जेमतेम 7 सेंटीमीटर जास्त लांबी लागते. एवढ्याशा 7 सेंटीमीटरमध्ये बोटीचा स्वभाव बदलतो यावर कापून बघेपर्यंत विश्वास बसत नाही. वरची दोन पॅनल्स मात्र जवळपास सपाटच ठेवायची कारण भरपूर वाऱ्यात शेवटी तेवढीच उरतात आणि तिथे पोट नकोच असतं. आधी जुन्या चादरीचं एक पॅनल शिवून अंगणात दोन काठ्यांवर टांगून पाहा, फुकटात शिकता येतं.

कापड घेतलं बोटीवर झाकायच्या कव्हरचं पॉलिस्टर, उन्हाला टिकणारं. शीडवाल्यांचं ते करकरीत कडक कापड नको, मऊच हवं, कारण शीड सारखं घड्या होऊन झोळीत पडणार. दोरा मात्र यूव्हीवाला पॉलिस्टर घ्या, तिथे पैसे वाचवू नका, कापडाच्या आधी दोराच जातो. मशीन बायकोच्या माहेरून आलेलं साधंच, झिगझॅग करणारं. भार कमी असल्यामुळे घरच्या मशीनवर चालतं, फक्त कोपऱ्यांना जिथे पट्ट्यांचे चार-पाच थर येतात तिथे चाक हाताने फिरवायचं. जागा लागते. आमच्या दिवाणखान्यात मावेना म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना आम्ही जो हॉल घेतो तोच घेतला, जमिनीवर मोठी पॅनल्स आखली, लवचिक पट्टी वाकवून बाक काढला, आणि मदतीला आलेल्यांना पोहे. एका काकूंनी कड दुमडायची जी पद्धत दाखवली ती कुठल्याही शीडवाल्याने सांगितली नसती. बॅटन्स अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या, शिवलेल्या खिशांत सरकवलेल्या. कापड, दोरा, नळ्या आणि नवीन दोऱ्या धरून खर्च कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसला.

फरक? वाऱ्याविरुद्ध आता ती बाकीच्या छोट्या जुन्या बोटींबरोबर चालते. नव्या रेसिंग बोटीशी तुलना नको, पण त्याच साइझच्या दोन कीलवाल्या बर्म्युडा बोटीच्या बरोबरीने जाते आणि वारा जरा बाजूने आला की पुढे निघून जाते. टॅक अडत नाही. आधी एक ‘चांगली बाजू’ आणि एक ‘वाईट बाजू’ असायची, म्हणजे वारा ज्या बाजूने आला की शीड काठीवर दाबलं जातं तिथे आकार बिघडायचा, पोट आल्यापासून तो फरक शोधावा लागतो. एकच पथ्य, बोटीला वाऱ्याच्या फार जवळ ओढू नका, थोडी मोकळी सोडा, वेग धरू द्या आणि मग टॅक करा.

आता कटकटी, कारण त्या पण आहेत. पहिली दोऱ्या. शीड जड, म्हणून हॅलयार्डला पुली लावून तीन-चार पट सोपं करतात, म्हणजे चढवायला हलकं पण ओढायची दोरी तीन-चार पट लांब. वर शीटच्या शाखांची दोरी, यार्ड काठीला जवळ धरणारी दोरी, पुढची कड मागे ओढणारी दोरी. पूर्ण शीड खाली असताना कॉकपिटमध्ये पाय ठेवायला जागा नाही, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची घ्या आणि पिशव्या शिवून टाका. दुसरी, शीटच्या शाखा जाइब करताना मागे जे काही वर आलेलं असेल त्यात अडकतात, आउटबोर्डचं डोकं, रेलिंग, पाहुण्याची टोपी. मागे काहीही उभं ठेवू नका. तिसरी, वारा नाही आणि लाटा आहेत अशा वेळी बॅटन्स काठीवर खडखड आपटतात, रात्री हे ऐकून झोप लागत नाही, काठीला चामडं गुंडाळलं की आवाज कमी होतो आणि घासणंही. चौथी जरा महत्त्वाची, वारा मागून-बाजूने जोरात असताना सगळं शीड एका बाजूला बाहेर काढलेलं असतं त्यामुळे बोट वाऱ्याकडे वळायला बघते आणि टिलर जड होतो. लोक टिलरशी कुस्ती खेळत बसतात. एक पट्टी खाली घ्या, वेग तोच राहतो, टिलर बोटांवर येतो. रीफ करणं एवढं फुकट आहे तर कंजुषी कशाला.

मोठ्या समुद्रात टिकेल का, हा प्रश्न भारतातून फोन करणारे सगळे विचारतात, जणू मी उद्या इथून अलिबागला निघालोय. रिगबद्दल शंका नको. ‘कीइंग’ नावाची अस्सल चिनी जंक 1846 मध्ये हाँगकाँगहून निघून केप ऑफ गुड होपला वळसा घालून 1847 मध्ये न्यूयॉर्कला आणि 1848 मध्ये लंडनला आली होती. रॉजर टेलर यांनी कॉरिबीच्याच हलवर जंक रिग चढवून, इंजिन काढून टाकून, ‘मिंगमिंग’ एकट्याने आर्क्टिककडे नेली, आत हवाबंद कप्पे करून घेतले होते ते विसरू नका. उलट बाजूचं उदाहरण पण देतो. 1968 च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्याने कुठेही न थांबता जगाची फेरी मारायच्या शर्यतीत, बिल किंग यांची ‘गॅलवे ब्लेझर 2’ जंक रिगची होती, दोन काठ्यांची, ती केप टाउनच्या अलीकडे वादळात उलटली आणि रेस संपली. त्या नऊ जणांत पूर्ण फेरी मारून परत आली ती एकच बोट, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहैली’, आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. म्हणून जंकवाले आणि बिगरजंकवाले दोघंही या रेसचा दाखला आपापल्या बाजूने देतात. माझं मत, बोट पूर्ण उलटली की कुठल्याच काठीचा भरवसा नाही. बिल किंग यांनी त्यानंतर त्याच बोटीतून जगाची फेरी 1973 मध्ये पूर्ण केली, ते मात्र कुणी सांगत नाही.

घ्यायची असेल तर बघताना रंग, उशा, गॅसची शेगडी यात वेळ घालवू नका. डेकमध्ये जिथे काठी घुसते तिथे आतून हात फिरवा, फायबरग्लासला बारीक चिरा आहेत का, आजूबाजूचं डेक दाबल्यावर मऊ लागतं का, कारण तारा नसल्यामुळे सगळा भार तिथे आणि खाली खोबणीत. खोबणीत पाणी साठतं का बघा, अॅल्युमिनियमची काठी तिथे पांढरी भुकटी धरते, लाकडी असेल तर कुजते. पाचरी काढून काठी वर उचलायला क्रेन लागेल, दुसऱ्या बोटींसारखी दोघांनी मिळून आडवी पाडता येत नाही, त्याचे पैसे धरा. विम्यावाल्याला ‘जंक रिग’ हे आधीच सांगा, काहींना हे काय असतं तेच माहीत नसतं आणि मग फॉर्म अडकतो. शंका असतील तर जंक रिग असोसिएशन 1980 पासून आहे, तिथली म्हातारी मंडळी प्रश्नाला उत्तर देतात आणि न विचारलेल्या चार प्रश्नांनाही देतात. आणि मूळ शीड कितीही फाटकं असलं तरी विकणाऱ्याकडून मागून घ्या, टाकून देऊ नका. नवीन कापताना यार्डचा कोन, बॅटन्सची लांबी, काठीपुढे किती हिस्सा हे सगळं त्यावरूनच मोजायचंय.